आण्णांची दिंडीतली जागा

मालदांडी

येत्या ज्येष्ठात आण्णांना, माझ्या वडिलांना, जाऊन वर्ष होईल. पालखीचं प्रस्थान अकरा दिवसांवर आलेलं, पडशी भरून खुंटीला लावलेली, आणि ते रात्री झोपेत गेले. गळ्यातली माळ त्यांच्याबरोबरच गेली. टाळ, पताका आणि ती पडशी घरात राहिली.

आमचं गाव मंगळवेढ्याजवळ. जमीन काळी, भारी आणि सगळी कोरडवाहू. आण्णांचा जन्म १९५६ चा, म्हणजे बहात्तरच्या दुष्काळात ते सोळा वर्षांचे. आजीच्या जोडीनं खडी फोडली, सुकडी खाल्ली, अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो ज्वारी खाल्ली. मालदांडी ज्वारीच्या मुलखातल्या माणसाला बाहेरची ज्वारी रांगेत उभं राहून घ्यावी लागली, याचं दुःख त्यांना शेवटपर्यंत होतं. २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मी पेपरातली बातमी त्यांना वाचून दाखवली. त्यांनी पेपर माझ्या हातातून घेतला, घडी घातली आणि देव्हाऱ्यात ठेवला. बोलले काहीच नाहीत.

पेरणीला मी त्यांच्या मागनं चालायची. तिफणीच्या चाड्यावर त्यांची उजवी मूठ असायची. मूठ उघडतेय असं कधी दिसायचं नाही, पण दाणे एकसारखे सुटत राहायचे. तासाच्या टोकाला बैल वळले की दाणे थांबायचे, नवं तास लागलं की पुन्हा सुरू. डोळे मात्र बैलांच्या शिंगांच्या मधून समोर लागलेले. उगवण झाली की बांधावर उभं राहून आई म्हणायची, "ह्यांच्या हातचं तास कुठं तुटत नाही."

आमच्याकडं पीक रब्बीचं. हस्ताच्या ओलीवर पेरायचं आणि माघ-फाल्गुनात काढायचं. त्यामुळं आषाढात रान मोकळं असतं. १९८१ साली आण्णा पहिल्यांदा आळंदीहून चालत निघाले. एकूण ४२ वाऱ्या झाल्या. २०२० आणि २०२१ ला पादुका एसटीनं गेल्या, पायी वारी झाली नाही. ती दोन्ही वर्षं आण्णा टाळ घेऊन आपल्याच बांधावरून चालले. रोज सकाळी काकडा झाला की निघायचे, किती फेऱ्या ते मनाशी ठरलेलं असायचं. विहिरीला वळसा घातला की दिवे घाट चढला. ओढा आला की नीरास्नान. खालच्या रानातला एकटा लिंब म्हणजे चांदोबाचा लिंब. त्या दिवशी त्यांनी लिंबाखाली उभं राहून आम्हाला सगळ्यांना हाक मारली, "या, रिंगण लागलंय." आई, मी आणि पारडू, एवढंच रिंगण.

आता विचारायचं आहे ते असं. परवा दिंडीप्रमुखांचा फोन आला, "भिशी (दिंडीतल्या जेवणाची वर्गणी) कुणाच्या नावानं लावू? घरातलं कुणी येणार असेल तर माउलींची जागा ठेवतो." धाकटा भाऊ चाकणला कंपनीत आहे, त्याला एवढी रजा मिळत नाही. मी पुण्यात नोकरी करते. मी हात जोडते, पण माळ घातलेली नाही, एकादशी करत नाही. आण्णा ज्या भावनेनं चालले ती माझ्यात नाही. नुसती त्यांची आठवण म्हणून त्या जागेवर चालणं बरोबर आहे का? तुमच्या घरी असं काही झालं असेल तर सांगा. तुमच्या वडिलांबद्दलही लिहा, मला वाचायचं आहे.

बांधावरचा

ताई, लिंबाखालचं रिंगण वाचलं आणि पुढं वाचवेना. रात्री सावकाश लिहितो.

कातळफूल

मालदांडीताई, तुमच्याकडे आषाढात रान मोकळं, आमच्याकडे तेव्हा गुडघाभर चिखल. संगमेश्वर तालुक्यातलं आमचं घर. माझे आबा विठ्ठलाचे एवढे भक्त, पण आषाढी एकादशी म्हणजे ऐन लावणी. त्या दिवशी ते उपास धरून जोत घेऊन शेतात उतरायचे. इरलं, डोक्यावर धो धो पाऊस, आणि पोटात शेंगदाण्याची मूठ. संध्याकाळी गावच्या विठ्ठलमंदिरात भजनाला पहिले हजर. पोटऱ्यांवर चिखल वाळलेला असायचा, कारण पाय धुवायला घरी गेलं तर पहिला अभंग चुकणार.

एकाहत्तराव्या वर्षी मी त्यांना कार्तिकीला एसटीनं पंढरपूरला नेलं. भाताची झोडणी उरकली होती, म्हणून यायला तयार झाले. चंद्रभागेच्या वाळवंटात उतरले, आधी वाकून मूठभर वाळू उचलली, बोटांनी चोळली आणि म्हणाले, "ह्यात भात व्हायचा नाय." मग हात जोडले. मला हसू आलं, पण ते अगदी मनापासून बोलले होते. नव्या जागी गेलं की आधी माती बघायची, तशीच त्यांनी बघितली.

दर्शनाच्या रांगेत चौदा तास उभे होते. पायावर डोकं ठेवलं ते दोन सेकंद. बाहेर आल्यावर विचारलं, "आबा, काय मागितलंत?" तर म्हणाले, "एवढ्या वर्षांत आलो नाय, त्याची माफी मागितली. बाकी वेळ खंय होता."

टाळकरी

ताई, मी सव्वीस वर्षं चालतोय, रथामागच्या दिंडीत. विचारलंत म्हणून सांगतो, निःशंक जा. दिंडीत कुणी तुमची परीक्षा घेत नाही. पहिले चार दिवस पाय बोलतात. लोणंद गेलं की पायांचं ऐकू येत नाही.

माझे वडीलही शेतकरी, फलटणकडचे. त्यांची एक गोष्ट सांगतो. रोज मुक्कामाला समाजआरती होते. सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, चोपदार चोप वर करतात आणि क्षणात हजारो टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती तेवढी टाळ वाजवत राहते. मग चोपदार तिथं जातात, तक्रार ऐकतात, निवाडा होतो. हरवलं-सापडलं तेही तिथंच पुकारतात. एका वर्षी वडिलांचा चष्मा हरवला. पहिल्या दिवशी पुकारा झाला, मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगायला गेले तर सांगणाऱ्यानं विचारलं, "माउली, कपाळावर काय आहे?" चष्मा वर सरकवलेला, त्यावर टोपी ओढलेली आणि टोपीखालून एक काच डोकावत होती. पुढं कित्येक वर्षं त्या मुक्कामाला पोचलो की दिंडीतलं कुणीतरी वडिलांच्या कपाळाला हात लावून बघायचं.

सरळरेघ

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. श्रद्धा ही काही जमीन नाही की माणूस गेला, वारसनोंद केली आणि पुढच्याच्या नावावर चढली. तुम्ही स्वतःच लिहिलंय की ती भावना तुमच्यात नाही. मग ज्यांना खरी ओढ आहे अशा एखाद्याला ती जागा मिळू द्या.

आणि वारीला गेलं तरच वारकरी, असंही नाही. तुमच्याच जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या अरणला सावता महाराज होऊन गेले. मळा सोडून ते पंढरीला गेले नाहीत. आजही सगळ्या संतांच्या पालख्या पंढरपूरला येतात, पण सावता महाराजांची येत नाही, देवाचीच पालखी अरणला जाते. कातळफूल यांच्या वडिलांनी माफी मागायचं काही कारण नव्हतं, असं मला मनापासून वाटतं. चिखलातला तो उपास ही वारीच होती.

कातळफूल

सरळरेघ, हे वाक्य मी आबांच्या फोटोसमोर वाचून दाखवलं. आभार.

पांढरंसोनं

आमचं यवतमाळ जिल्ह्यातलं कापसाचं घर. लहानपणीचे बाबा आठवतात ते कापसाच्या गाडीवरचे. १९७२ पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी होती, कापूस केंद्रावरच घालायचा. जिनिंगबाहेर बैलगाड्यांची रांग लागे ती दोन-दोन दिवस हलत नसे. मी शाळेला बुट्टी मारून गाडीवर झोपायला जायचो, कारण कापसावर झोपण्यासारखं सुख नाही.

बाबा तुकडोजी महाराजांचे. घरी रोज दिवेलागणीला सामुदायिक प्रार्थना. रांगेत असले तरी वेळ झाली की बैलांच्या पुढ्यात कडबा टाकायचे, गाडीखालून पोतं काढून अंथरायचे आणि मांडी घालून बसायचे. पहिल्या दिवशी एकटे बसले. दुसऱ्या दिवशी पुढच्या-मागच्या गाडीवरचे सात-आठजण येऊन बसले. रस्त्याच्या कडेला कंदील, मागं गाड्यांवर पांढरे ढीग, आणि ही माणसं डोळे मिटून. रांग पुढं सरकली तर एकजण उठून सगळ्यांच्या गाड्या पुढं घ्यायचा, बाकीचे प्रार्थना पुरी करायचे.

चुकारा हप्त्याहप्त्यानं यायचा. पहिल्या हप्त्यात किराणा आणि आमची पुस्तकं, बाकीचं पुढचं पुढं. आईच्या लुगड्याचा नंबर कोणत्या हप्त्यात लागायचा, ते आता आठवायचा प्रयत्न करतोय. आठवत नाही.

निळीपहाट

मालदांडीताई, तुमचे आण्णा मंगळवेढ्याकडचे, म्हणून लिहिते. चोखोबा मंगळवेढ्याच्याच गावकुसाच्या कामावर भिंत कोसळून गेले. त्यांची समाधी पंढरपुरात नामदेव पायरीपाशी आहे. माझे पणजोबा खटाव तालुक्यातून पंढरपूरला चालत जायचे आणि त्या समाधीपाशी थांबायचे. पुढं जायला मनाई होती. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी उपोषण केलं, तेव्हा मंदिर खुलं झालं. पणजोबा ते बघायला राहिले नाहीत.

आजोबांनी ५६ नंतर धम्म घेतला. आमची जमीन वतनाची, हाडोळ्याची, गावानं कुणाला नको म्हणून दिलेला खडकाळ तुकडा. १९५८ च्या कायद्यानं वतनं गेली. जमीन आपल्या नावावर करून घ्यायला सरकारात पैसे भरावे लागले, त्यासाठी आजीच्या पाटल्या गेल्या. माझ्या पप्पांनी आख्खा जन्म त्या तुकड्यातले दगड वेचले. बांधाला त्यांनी रचलेली ताल अजून आहे. प्रत्येक दगड एकदा त्यांच्या हातातून गेलेला, त्यामुळं मला ती भिंत परकी वाटत नाही.

पप्पांची वारी नागपूरची. दसऱ्याला दीक्षाभूमी, महाराष्ट्र एक्सप्रेसनं. डब्यात पाय ठेवायला जागा नसायची. जाताना फडक्यात भाकरी बांधलेली, येताना त्याच फडक्यात पुस्तकं. त्यांना स्वतःला अडखळत वाचता यायचं. पेरणीच्या धांदलीतसुद्धा ते जायचे आणि आई चिडायची. ते म्हणायचे, "चार दिवस उशिरा पेरलं तर चार पायल्या कमी होतील. पोरगी न वाचता राहिली तर किती कमी होईल?" मी शिक्षिका आहे. ती सगळी पुस्तकं माझ्या शाळेच्या कपाटात आहेत.

मालदांडी

निळीपहाट, आण्णा पंढरपुरात पोचले की आधी चोखोबांच्या समाधीला हात लावायचे, "हा आमच्या गावचा माणूस" असं म्हणायचे. मी ते कौतुकानं सांगत आले. तुमच्या पणजोबांना तिथंच थांबावं लागत होतं, हे मी आज पहिल्यांदा कुणाच्या तोंडून ऐकलं. आता ते दोन्ही बरोबर आठवेल.

वसईचापोर

आमच्याकडं देव वेगळा, पण बाप तोच. वसईत पानवेल आणि केळीची वाडी. बाबा पहाटेच्या लोकलनं पानं आणि भाजी घेऊन दादरला, नऊला परत, मग दिवसभर वाडीत. चर्चची घंटा झाली की हातातलं फावडं उभं करायचे, टोपी काढायचे, ओठ हलायचे, टोपी डोक्यावर आणि फावडं पुन्हा जमिनीत. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेराच्या सणाला नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये आशीर्वादाला नेतात. आमचं भातशेत बिल्डिंगांत गेलं, तरी बाबा दरवर्षी वाडीच्या कोपऱ्यात परातीएवढ्या जागेत भात लावायचे. फक्त त्या एका पेंडीसाठी. आता मी लावतो. मालदांडीताई, मला सगळ्या प्रार्थना पाठ नाहीत. पण पेंडी नेतो.

निवृत्ततलाठी

वर वारसनोंदीचा उल्लेख आला म्हणून थोडं विषयाबाहेरचं. मी सदतीस वर्षं सातबारे लिहिले. माणूस गेला की त्याच्या नावाला कंस करायचा आणि फेरफाराचा क्रमांक टाकून खाली वारसांची नावं घ्यायची. सेकंदाचं काम. पण ज्या म्हाताऱ्याला काल बांधावर बघितलं त्याच्या नावाला कंस करताना माझा हात दरवेळी जड व्हायचा.

ताई, नोंद केली नसेल तर लवकर करा. अर्ज, मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र. नोंद धरल्यावर हरकतीसाठी १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी मंजूर करतात. आणि आईचं नाव विसरू नका. खेड्यात सर्रास मुलांची नावं चढवतात आणि म्हणतात, "आईचं कशाला, ती काय कुठं जातेय." पत्नी ही मुलांइतकीच वारस आहे.

माहेरवाशीण

तलाठीकाका, तुम्ही विषयाबाहेरचं नाही, मुद्द्याचं बोललात. माझे दादा, म्हणजे वडील, तुरीचं आणि हरभऱ्याचं पीक घेणारे. घरातल्या प्रत्येक लेकीच्या पाठवणीला त्यांनी ओटीत बियाण्याची पुरचुंडी घातली. "सासरच्या रानात एक ओळ माझी असू दे," म्हणायचे. माझ्या सासरी परसात त्यांच्या बियाची तूर अजून आहे.

दादांचा तेरावा झाला आणि चौदाव्या दिवशी भावांनी हक्कसोडीचा कागद पुढं केला. सही केली तर माहेर राहील, नाही केली तर तुटेल, असं कुणी तोंडानं बोललं नाही, पण चहा देणाऱ्या वहिनीचा चेहरा बोलत होता. मी सही केली. मला जमीन नको होती. मला फक्त विचारायला हवं होतं. बसवून, दादांच्या मागं "तुला काय वाटतं" एवढं. ते राहून गेलं, सात वर्षं झाली.

सरळरेघ

माहेरवाशीण, तुमचं वाईट वाटलं. कायद्यानं राज्यात १९९४ ला आणि देशात २००५ ला लेकींना वडिलोपार्जितात बरोबरीचा वाटा दिला. बाप २००५ च्या आधी गेला असला तरी हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० ला स्पष्ट केलं. पण कागदावरचा हक्क आणि वहिनीच्या हातचा चहा यांत बहुतेकजणी चहा निवडतात. ही आपल्या सगळ्यांची शरमेची गोष्ट आहे.

बांधावरचा

रात्री लिहितो म्हणालो होतो, तीन रात्री गेल्या. माझे तात्या बोलके नव्हते. मायेचे दोन शब्द कधी आले नाहीत त्यांच्याकडून. बेंदराला मात्र बैलांच्या खांद्याला लोणी-हळद चोळताना ते बैलांशी बोलायचे, वर्षभराचं. "औंदा तुला लई वढलं," "ह्या चाबकाची माफी दे" असलं काहीतरी. मी गोठ्याच्या कुडामागं उभा राहून ऐकायचो. एका वर्षी ते बोलता बोलता म्हणाले, "पोराला बी लई बोलतो मी. त्याला काय सांगू नगंस." बैलाला सांगत होते. मला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं की नाही, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

टाळकरी

बांधावरचा, तुम्ही आम्हाला रडवलंत.

काटवट

सगळा धागा वाचला. एक विचारू का मालदांडी? अठरा-वीस दिवस आण्णा वारीत, तेव्हा घरी कोण होतं? ४२ वर्षं गुरं कुणी बघितली, धारा कुणी काढल्या, पाणी कुणी भरलं? पांढरंसोनं यांना आईच्या लुगड्याचा हप्ता आठवत नाही. निळीपहाटच्या आई चिडल्या, एवढंच कळलं. माझ्या वडिलांबद्दल मलाही पानंच्या पानं लिहिता येतील, खरीच प्रेमानं. पण ते पहाटे औत घेऊन निघायचे तेव्हा न्याहारीची भाकरी बांधून तयार असायची, म्हणजे आई त्यांच्या आधी दोन तास उठलेली असायची. तिला मी कधी झोपलेलं पाहिलं नाही, म्हणून तिची आठवणही येत नाही, असं काहीतरी झालंय माझं.

तुम्ही जावं की भावानं, यावर इथं सगळे बोलले. आईंना वारी घडली आहे का?

पांढरंसोनं

काटवट, तुमचं वाचून आईला फोन केला. म्हणाली, "दुसऱ्या हप्त्यात. पण दोन वर्षं घेतलं नाही, तुझी फी होती."

मालदांडी

काटवट, तुम्ही विचारलंत त्याला आज चार दिवस झाले. लगेच उत्तर देता आलं नाही, कारण उत्तर "नाही" असं होतं आणि ते मला माहीत होतं.

शनिवारी गावी गेले. आई भाकरी थापत होती. मी सरळच विचारलं, "आण्णांच्या जागेवर तू जातेस का?" ती काही बोलली नाही. हातातली भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, निखाऱ्याला लावली, फुगली तशी काढली. मग म्हणाली, "म्हशीचं कोण बघणार, ते आधी सांग."

म्हणजे तिनं नाही म्हटलं नाही.

रात्री अंगणात बसल्यावर हळूहळू बोलली. पहिल्या वर्षी, ८१ साली, तिलाही जायचं होतं. मी पोटात होते. पुढच्या वर्षी मी अंगावर. मग भाऊ, मग सासूचं आजारपण, मग गुरं. २००३ ला गुरं छावणीत होती, तेव्हा आण्णा निम्म्या वाटेवरून परत आले होते, हे मला आजवर माहीतच नव्हतं. आईनं त्यांना पुन्हा वारीला पाठवलं. "इथं दोघं बसून काय पाऊस पडणार हाय का? एकानं तरी जावं," म्हणाली. म्हणजे ४२ मधली ती एक वारी तिनं घडवलेली.

आणि अजून एक. आण्णा वारीला गेले की आईनं रोज संध्याकाळी कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात मुक्कामाचं गाव लिहिलंय. जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव. तिला लिहायला कमी येतं, "नातेपुते" दर वर्षी वेगळं लिहिलंय. आण्णांनी जुनी कॅलेंडरं कधी काढली नाहीत, एकाच खिळ्याला एकावर एक लावत गेले, तो गठ्ठा उशीएवढा जाड झालाय. मी खाली उतरवून बघितला. ज्येष्ठ-आषाढाची पानं तेवढी जास्त काळी झालेली आहेत, रोज हात लागल्यामुळं.

दिंडीप्रमुखांना फोन केला, भिशी आईच्या नावानं लावली. ते म्हणाले, "वहिनी का? मग तुळस त्यांच्या डोक्यावर देतो." तलाठीकाका, सातबाऱ्याचा अर्जही दिला. आईचं नाव पहिलं.

मी वीस दिवस गावी राहणार, ऑफिसमधून घरून काम करायची परवानगी घेतली आहे. सरळरेघ, ज्याला ओढ आहे त्याला जागा मिळावी हे तुमचं म्हणणं पटलं. आता खरी अडचण सांगते. म्हैस आईशिवाय कुणाला धार देत नाही. काल मी बसले तर लाथेनं चरवी उडवली. काय करावं?

कातळफूल

आधी पारडू सोडा. पान्हा घातला की मग बसा. पुढ्यात पेंड भिजवून ठेवा, रिकाम्या गव्हाणीसमोर उभी करू नका.

बांधावरचा

आठ दिवस आधी जा आणि आईच्या शेजारी रोज बसा. आई काढत असताना तुमचा हात नुसता पाठीवर असू दे. बोलत राहा. आई जे बोलते तेच बोला, नवीन काही नको.

टाळकरी

आईंना सांगा, नवी चप्पल नको, पायात मुरलेलीच घालायची. आळंदीत मी शोधून भेटेन. दिवे घाटात त्यांची पिशवी माझ्याकडं.

काटवट

आईंचं एक नेसतं पातळ मागून घ्या, न धुतलेलं. धारेला जाताना तेच नेसायचं आणि पदर त्यांच्यासारखा खोचायचा. आमची म्हैस अशीच फसली होती, दोन महिने. आई आळंदीला निघतील त्या पहाटेपासून सुरू करा, मध्ये एक दिवसही चुकवू नका. आणि संध्याकाळी कॅलेंडरवर गाव लिहा.